मंडपात झोपण्यास मनाई

कावळा येत नव्हता, आणि गुरुजींना पुढच्या कामासाठी मानपाड्याला पोचायचं होतं. माझ्यावर पुढे जे काही ओढवलं त्याची मूळ कारणं एवढीच.

दिवस आजाच्या दहाव्याचा. आजा म्हणजे माझे आजोबा, गोपीनाथ. आमच्या आगऱ्यांमध्ये आजोबाला ‘अहो’ करत नाहीत. केलं असतं तर त्याने मागे वळून कोण आलंय ते बघितलं असतं. घाटावर पिंड मांडलेला. बाजूला त्याच्या आवडीचं सगळं ठेवलेलं: वडे, तंबाखूची पुडी आणि पप्पांना आयत्या वेळी सुचलेला टीव्हीचा रिमोट. समोरच्या कठड्यावर कावळे ओळीने बसलेले, पण लग्नात मुलाकडची मंडळी बसतात तसे. म्हणजे भूक आहे, पण कुणीतरी येऊन आग्रह करायला हवा.

कावळा शिवत नाही म्हणजे माणसाची काहीतरी इच्छा राहिली आहे. ती घरच्यांनी ओळखायची, पूर्ण करायचा शब्द द्यायचा, की कावळा येतो. पप्पांनी हात जोडून सांगितलं, “बाबा, कृतिकाचं लग्न थाटात करू.” माझी बहीण कृतिका मागून म्हणाली, “मला विचारलंय का कुणी?” कावळा हलला नाही. काका म्हणाला, “शेताचा राहिलेला तुकडा बिल्डरला देणार नाय.” यावर एका कावळ्याने मान वाकडी करून काकाकडे बघितलं आणि काकाने नजर खाली घातली, कारण त्याचं बिल्डरशी बोलणं झालेलं होतं. माझा चुलतभाऊ देवेश, ज्याला नगरसेवक व्हायचंय, त्याने चौकाला आजाचं नाव द्यायचं कबूल केलं. कावळ्यांनी पाठ फिरवली.

ऊन डोक्यावर आलेलं. मी देवेशला हसवायला म्हणून, तोंडातल्या तोंडात बोललो, “आजा, मी तुझी गरी घेतो, चिंचतळ्यावर तंबू ठोकून दिवसभर बसतो, मासा पकडतो नि आजीला खायला घालतो. पण आता शिव बाबा, टाळू भाजली.”

कावळा सरळ खाली आला. पिंडाला चोच लावली, एक वडा उचलला आणि गेला.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, गुरुजींनी पिशवी आवरली. मी मागे वळलो तर आजी उभी. माझी आजी ठमाबाई हिला तीन हाका मारल्याशिवाय ऐकू जात नाही, असा घरातला आजवरचा समज आहे.

“सबूद दिलास,” ती म्हणाली.

“आजी, मी मस्करीत...”

“कावला मस्करी करत नाय.”

आणि तिने तिथेच सगळ्यांसमोर जाहीर केलं की कमलेश, म्हणजे मी, शब्द पुरा करीपर्यंत ती मासळी खाणार नाही.

हे वाक्य बाहेरच्या माणसाला साधं वाटेल. आमच्या घरात आजीने मासे सोडणं म्हणजे घराला टेकू देणारा खांब आपण होऊन बाजूला होणं. ती डाळीला आजाऱ्याचं जेवण समजते. सुतक संपलं, घरात पुन्हा कोलंबीचा वास यायला लागला, तशी आजी आपलं ताट घेऊन बाल्कनीत बसायला लागली. अर्धी भाकरी, आंब्याचं लोणचं, आणि उठली. पंधरवड्यात तिच्या सोन्याच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टरांनी प्रोटीन सांगितलं. आजीने विचारलं, ते कुठल्या माशात असतं, आणि उत्तर ऐकून मान हलवून घरी आली.

मला रात्रंदिवस एकच प्रश्न. मस्करीत दिलेला शब्द हा शब्द असतो का? एरवी मी नाही म्हटलं असतं. पण समोरचा माणूस आजा होता. माझ्या विनोदाला आजा जन्मात कधी हसला नाही. तो ते माहिती म्हणून घ्यायचा. आम्ही टॉवरमध्ये राहायला आलो तेव्हा मी त्याला सांगितलेलं की रविवारी लिफ्ट तेराव्या मजल्याच्या वर जात नाही. पुढे कित्येक रविवार तो तेराव्यावर उतरून एक मजला चालत यायचा आणि लिफ्टलाही सुट्टी पाहिजे असं म्हणायचा. अशा माणसाने मेल्यावर तरी माझी मस्करी ओळखावी, ही अपेक्षा मलाच जड वाटली.

आमचा टॉवर कोलशेतला आहे, आमच्याच भातशेतावर उभा आहे. ‘हॉलमध्ये सोफा हाय ना, तिकरं बांध होता,’ असं आजा पाहुण्यांना सांगायचा. चौदाव्या मजल्यावर बांध म्हटल्यावर पाहुणे चहा लवकर संपवायचे. शेत गेल्यापासून आजा रोज सकाळी बांबूची काठी, तिला दोरी आणि गरी, म्हणजे मासे धरायचा गळ, लावून चिंचतळ्यावर गरवायला जायचा आणि दुपारी मासे घेऊन घरी यायचा. मग तळ्याचं सुशोभीकरण झालं. कडेने फरशी, मधे कारंजं, कोपऱ्यात सिमेंटचे दोन डॉल्फिन, आणि डॉल्फिनच्या खाली बोर्ड: मासे पकडण्यास सक्त मनाई. त्या दिवसापासून आजा घरात बसला. मी त्याला मोबाईलवर व्हिडिओ लावून दिले. कुठल्यातरी थंड देशातला गोरा माणूस तळ्याकाठी एकटाच तंबू ठोकतो, दिवसभर मासे पकडतो आणि पकडलेला मासा परत सोडून देतो. आजा ते तासन् तास बघायचा आणि प्रत्येक माशाला तेच म्हणायचा, “सोरतंय कला यो?” का सोडतो, याचं उत्तर त्याला शेवटपर्यंत मिळालं नाही.

तर माझ्या तोंडून तंबू गेला तो असा.

सोसायटीत बातमी पोचायला वेळ लागला नाही. मला जे सल्ले मिळाले त्यात मासे पकडलेल्या माणसाचा सल्ला एकही नव्हता. ‘बी’ विंगच्या एका गृहस्थांनी मला लिफ्टमध्ये अडवून माशांना निळा रंग दिसत नाही, असं सांगितलं. त्यांनी हे कुठे वाचलं ते विचारल्यावर ते म्हणाले, “लॉजिक आहे.” मी निळा टी-शर्ट विकत घेतला. माणूस घाबरलेला असला की लॉजिकसमोर पटकन झुकतो.

नवव्या मजल्यावरच्या रमाबाई मात्र सल्ला द्यायला आल्या नव्हत्या. त्या आमच्या दारात उभं राहून म्हणाल्या, “कमलेश, तू म्हणे तळ्यातले मासे मारणार आहेस?”

“मारणार नाही काकू. एकच. पकडणार.”

“ते मासे माझे आहेत.”

रमाबाईंची मुलगी कल्पिता हिला कॅनडाला जायचंय आणि व्हिसा काही येत नाही. ज्योतिषाने रमाबाईंना सांगितलेलं की रोज कणकेच्या गोळीत देवाच्या नावाची चिठ्ठी घालून माशांना खाऊ घाला. त्या गेली दोन वर्षं रोज सकाळी चिंचतळ्याच्या पायरीवर बसून गोळ्या टाकतात. तळ्यातल्या प्रत्येक माशाच्या पोटात आता इतकं पुण्य आहे की त्यांना पोहताना जड जातं.

“तुझ्या आजोबांना शांती मिळावी हे मलाही वाटतं,” त्या म्हणाल्या. “पण म्हणून माझ्या मुलीचा व्हिसा खायचा?”

आजी आतून बाहेर आली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. “वैनी, पोरीचं जमल,” आजी म्हणाली. “पन माझ्या मान्साला तवर थांबवू?” रमाबाई लिफ्टकडे वळल्या. त्या जाताना एवढंच बोलल्या की, ठीक आहे, पण त्या दिवशी मीही तिथे असेन. तेव्हा मला यातली धमकी कळली नाही.

मग परवानगी. तळ्याचं बघणाऱ्या कार्यालयात मी गेलो. टेबलामागच्या साहेबांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. दहावा, कावळा, आजी, भाकरी. ते म्हणाले, “आमच्याकडे गवत आहे.”

“म्हणजे?”

“तळ्याच्या कडेचं गवत आणि फरशी आमची. पाणी दुसऱ्या खात्याचं. मासे कुणाचे ते बघावं लागेल.”

“मला गवतावर एक तंबू लावायचाय. एक दिवस.”

“तंबूला परवानगी असा प्रकार नाही. सार्वजनिक जागेत कापड लावायचं तर मंडप परवानगी. मंडळ कुठलं?”

“मंडळ नाही. मी एकटा.”

“एकट्याला मंडप देत नाहीत.” हे त्यांनी इतक्या मायेने सांगितलं की मला एकटेपणाचीच लाज वाटली. “मंडळ करा. अध्यक्ष, खजिनदार, सगळं करा. विधी कुठला?”

“मासे पकडणे.”

“तळ्यातून काही काढायला मनाई आहे. टाकायला हरकत नाही, विसर्जन चालतं. तुम्ही काय टाकणार?”

“गरी.”

“मग गरी टाकणे असं लिहा. काढायचं त्या वेळी बघू. ध्वनिक्षेपक किती?”

“एकही नाही. गप्प बसावं लागतं, नाहीतर मासे येत नाहीत.”

त्यांनी कॉम्प्युटरवर शून्य टाकून बघितलं. मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. “शून्य घेत नाही. एक लिहितो.”

अशा रीतीने माझ्या एकांतवासाला एक मंडळ आणि एक लाउडस्पीकर मंजूर झाला. अट एकच, तीही शिक्क्याच्या वर ठळक: सूर्योदय ते सायंकाळी सहा, आणि मंडपात झोपण्यास मनाई.

मंडळ म्हटल्यावर देवेश आलाच. त्याला बोलवावं लागत नाही. तो अध्यक्ष झाला, मी खजिनदार. नाव रमाबाईंच्या समाधानासाठी ‘मत्स्यमित्र मंडळ’ ठेवलं. मासे पकडायला निघालेल्या मंडळाचं हे नाव वाचून मला थोडं अपराधी वाटलं. पण देवेश म्हणाला, “कमल्या, मित्र असल्याशिवाय कोण जवळ येतो?” त्याने फ्लेक्स छापला. फ्लेक्सवर देवेश कानाला मोबाईल लावून आकाशाकडे बघतोय. त्याच्याभोवती त्याच्या मित्रांचे पासपोर्ट साईजचे चेहरे, कोपऱ्यात मी, आणि माझ्या खांद्याच्या वर, अगरबत्तीच्या धुरात, बोटाच्या नखाएवढा आजा. आजाने हा फ्लेक्स बघितला असता तर विचारलं असतं, यातला मेलाय कोन?

ठरलेल्या रविवारी सूर्योदयाला मी तळ्यावर पोचलो. मंडप उभा होता. गुलाबी-पांढरी झालर, खुर्च्या, टेबलावर फुलदाणी, आणि मंडपाच्या आत, पाण्याला लागून, माझा ऑनलाइन मागवलेला निळा-नारिंगी तंबू. तंबूच्या वर मंडप का, असं मी विचारलं. “परमिशन मंडपाची आहे ना,” देवेश म्हणाला. “उद्या कोणी चेक केलं तर?” याच तत्त्वावर त्याने लाउडस्पीकरही लावलेला.

मी आजाची काठी घेतली, गरीला कणीक लावली आणि पाण्यात सोडली. मनात म्हटलं, आजा, आलो रे.

“आत्ता आपले कमलेश यांनी गरी टाकलेली आहे,” लाउडस्पीकर म्हणाला. “मासा अजून आलेला नाहीये.”

तळ्याच्या पलीकडच्या पायरीवर रमाबाई येऊन बसल्या. रोज त्या वाटीभर गोळ्या आणतात. आज परात आणलेली. त्यांनी पहिली मूठ टाकली आणि त्या बाजूचं पाणी उकळी फुटल्यासारखं हललं. तळ्यातला झाडून सगळा मासा तिकडे गेला. माझ्या बाजूला उरलं ते कारंज्याचं प्रतिबिंब.

तेवढ्यात एक गृहस्थ जॉगिंग थांबवून माझ्या पाठीशी उभे राहिले. मला वाटलं, माशांत रस असेल. ते म्हणाले, “शुगर उपाशीपोटी बघताय ना?” मंडप, टेबल आणि खुर्च्या बघून त्यांना आरोग्य शिबिर वाटलं होतं. मी नाही म्हणेपर्यंत त्यांच्या मागे अजून तिघे उभे होते. रांग अशी गोष्ट आहे की एकदा लागली की तिला कारण लागत नाही. नऊच्या सुमारास रांग डॉल्फिनपर्यंत पोचली आणि पुढचे लोक मागच्यांना ‘आधी मासा येऊ दे, मग सुरू करणारेत’ असं समजावत होते.

माझ्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत सिरिल अंकल येऊन बसले. हे आजाचे जुने दोस्त, खाडीकडच्या ख्रिश्चन वाडीतले. चर्च आटपून, इस्त्रीच्या शर्टात सरळ आलेले. आजाबरोबर ते वर्षानुवर्षं या तळ्यावर बसलेले. मला वाटलं, आता खरी विद्या मिळणार.

“अंकल, आजा गरीला काय लावायचा?”

ते पाण्याकडे बघायला लागले. “ते मी बारकाईनं नाय बघितला रे. आमी गप्पा मारायचो.”

“मग मासे कुठल्या बाजूला मिळायचे?”

“मिळायचे तेला,” ते म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. “गोप्याला मिळायचे. मोठे मिळायचे.” मग त्यांनी विषय बदलला. शेत गेलं त्या साली गोप्या किती गप्प झालेला, ते सांगायला लागले. सकाळी अंधारात उठायचा, पायात चप्पल घालायचा, दारात उभा राहायचा आणि परत आत जाऊन चप्पल काढायचा. चाळीस-पन्नास वर्षं माणूस उठून बांधावर गेलेला, पायांना अजून कळलं नव्हतं. “एक दिवस मीच तेला बोललो, गोप्या, चल, तल्यावर बसू.”

मी घरून काम करतो. सकाळी उठून पलंगावरून खुर्चीवर जातो. त्यामुळे दारात उभं राहून परत जाणाऱ्या माणसाबद्दल मला वाटायला हवं त्यापेक्षा जास्त वाईट वाटलं, आणि ते नेमकं कुणासाठी वाटतंय ते कळेना.

“गरी पाण्यातच आहे,” लाउडस्पीकर म्हणाला. “सर्वांनी संयम ठेवावा.”

दुपारी ऊन वाढलं तसा मी तंबूत आडवा झालो. शब्दात तंबू होता, तर तंबूत पाठ टेकणं भाग होतं. जरा डोळा लागतोय तोच चेन उघडून वॉचमनचं डोकं आत आलं.

“झोपले नाय ना?”

“नाही.”

“मग डोळे उघडे ठेवा. लिहिलंय.”

मी डोळे उघडे ठेवून तंबूच्या छताकडे बघत पडलो. तो थंड देशातला गोरा माणूस तंबूत पडून काय विचार करत असेल? त्याच्या पाठीशी रक्तदाबाची रांग नसणार. पण त्याच्यासाठी कुणी अर्ध्या भाकरीवर उठतही नसणार. दोन्ही बाजू मांडून बघितल्या. हिशेब बरोबर लागला नाही.

चारच्या सुमारास आजी आली. काठी टेकत, नऊवारी, कडेवर झाकण घातलेला टोप. रांगेने तिला वाट करून दिली, कुणीतरी सीनियर सिटिझन असं म्हणालं. ती माझ्यासमोर खुर्चीत बसली, टोप मांडीवर घेतला, झाकण उघडून रिकामा टोप मला दिसेल असा धरला आणि वाट बघायला लागली.

तिची मनगटं मी पहिल्यांदा नीट बघितली. बांगड्या जिथे थांबायला हव्यात तिथे थांबायला काही उरलेलंच नव्हतं. पलीकडे रमाबाई परातीच्या तळाशी आल्या होत्या. पण मासे इतके तृप्त झालेले की पाण्यात नुसते तरंगत होते. त्यांच्या तोंडासमोर सोन्याची गरी धरली असती तरी त्यांनी ढेकर दिली असती. सहाला मंडप उतरणार होता. दुसऱ्यांदा परवानगी मिळायची तर मंडळाचा मागच्या वर्षीचा अहवाल लागतो.

मी गरी तशीच ठेवून तंबूच्या मागे देवेशला गाठलं. “देव्या, बाजारात जा आणि एक मासा आण. तळ्यातला वाटेल असा. रोहू, कटला, काहीही. आख्खा आण. तंबूत मागून आत ये.”

देवेशने पहिल्यांदाच माईक बाजूला ठेवला. “आजीला फसवायचं?”

“आजीला जेवायला घालायचं.”

तो गेला. तो येईपर्यंत लाउडस्पीकर बंद होता आणि त्या शांततेमुळे रांग अस्वस्थ झाली. साडेपाचनंतर तंबूच्या आतून कुणीतरी माझ्या पाठीत बोट खुपसलं. आमिष बदलतो असं मोठ्याने सांगून मी गरीसकट आत शिरलो. देवेशने पिशवी उघडली.

“हे काय आहे?”

“हलवा.”

“देव्या, हलवा समुद्रात असतो.”

“माहीत आहे ना. रोहू होता. पण आजीने रोहू कधी खाल्लाय का? चिखलाचा वास येतो त्याला. इतक्या दिवसांनी तोंडात मासा घालणार ती, आणि रोहू देऊ? मला नाही जमलं यार.” त्याचे डोळे खरंच भरलेले. “हलवा काय फ्रेश होता बघ.”

“आणि याचं पोट का कापलंय?”

“मासळीवाल्या मावशीने साफ करून दिला. मी नको बोलेपर्यंत झालेलं. कालवणाचे तुकडे पण करत होती, मी थांबवली.”

पाऊण तासात दुसरा मासा येण्यासारखा नव्हता. पाऊण तासच नव्हता. आम्ही गरी हलव्याच्या तोंडात अडकवली. दोरी तंबूच्या पाण्याकडच्या फटीतून खाली सोडली, मासा हळूच बुडवला, आणि मी पुढून बाहेर येऊन काठी धरली. तंबूचा एवढाच उपयोग झाला, पण मोलाचा झाला.

“आणि कमलेश यांच्या काठीला हालचाल जाणवत आहे,” लाउडस्पीकर म्हणाला. आवाज जरा घोगरा होता.

मी काठी उचलली. मासा वर आला. काळा, रुंद, चमकणारा, अत्यंत शांत. गरीला लागलेला मासा धडपडतो. हा दोरीला लटकून आपल्या नशिबाचा विचार करत असल्यासारखा गोल फिरत राहिला, आणि फिरताना त्याचं उघडं पोट आळीपाळीने सगळ्यांना दिसलं.

मग टाळ्या झाल्या. ‘बी’ विंगचे निळ्या रंगवाले गृहस्थ शेजारच्याला समजावत होते की खाडी जवळ आहे, भरतीला खालून पाणी आत शिरतं, तेव्हा हलवा येणारच. पोटाचं काय, असं विचारल्यावर ते म्हणाले, “दाब.” रमाबाई तळ्याला वळसा घालून लगबगीने आल्या. त्यांनी मासा दोन्ही बाजूंनी बघितला आणि त्यांचा चेहरा उजळला. “हा आपल्यातला नाही,” त्यांनी जाहीर केलं आणि मला मनापासून नमस्कार केला.

आजी उठली. तिने मासा हातात घेतला, अंगठ्याने त्याचा डोळा दाबला, कल्ला उचलून बघितला. कल्ल्यात काही नव्हतं. पोटात बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी दहावीच्या निकालाच्या दिवशी पप्पांसमोर उभा राहिलोय, नोकरीतल्या कपातीच्या मीटिंगला कॅमेरा सुरू ठेवून बसलोय. पण असं कुणी मला आतून धुऊन साफ केलेलं नव्हतं. सिरिल अंकल पुन्हा चष्मा पुसत होते.

“ताजा हाय,” आजी म्हणाली. मासा टोपात ठेवला, झाकण लावलं आणि घराकडे चालायला लागली.

वॉचमनने शिट्टी मारली. मंडप उतरला. रांगेतल्या शेवटच्या माणसाने पुढचं शिबिर कधी, असं विचारलं. देवेशने त्याला तारीख दिली.

मी घरी आलो तेव्हा स्वयंपाकघरात दिवा लागलेला आणि तव्यावर तुकड्या चुरचुरत होत्या. बाकीचे हॉलमध्ये देवेशचा व्हिडिओ बघत होते. आजीने ओट्याशी स्टूल ओढलं, ताट घेतलं, पहिली तुकडी काट्यावरून सोलून भाकरीबरोबर तोंडात घातली आणि डोळे मिटले. मी दारात उभा. समाधान वाटायला हवं होतं. पण मला आजाला पाठवलेला मासा खोट्या पत्त्यावर पोचल्यासारखं वाटत होतं.

“आजी,” मी म्हटलं, “तो मासा...”

“तल्यात हलवा गावत नाय,” ती म्हणाली. “माज्या सासऱ्याच्या येलेपासून गावला नाय.”

मी तिच्याजवळ ओट्याला टेकलो.

“तुजा आजा पन असाच आनायचा. शेत गेला ना, तवापासून. सिरिलच्या स्कुटरवर बसून बाजारात जायचा नि मना सांगायचा तल्यात गावला. सुरमई आनली, पापलेट आनला. पयल्या दिशी तं करंदी आनली.”

“गरीला करंदी? एवढी बारीक कोलंबी?”

“सोललेली,” आजी म्हणाली, आणि तिच्या खांद्यांपासून हसू सुरू झालं. ते तोंडापर्यंत यायला वेळ लागला, कारण तोंडात घास होता. ती पदराने डोळे पुसत हसत राहिली, आणि मधेच कधीतरी ते हसणं राहिलं नाही. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. तिने घोट घेतला.

“तू त्याला कधी बोलली नाहीस?”

“बोलले असते तं दुसऱ्या दिशी सकाली उठून गेला कुठं असता तो?”

हॉलमधून लाउडस्पीकरचा आवाज येत होता: मासा अजून आलेला नाहीये. आजीने दुसरी तुकडी घेतली, मग तिसरी. माशाचं डोकं दुसऱ्या ताटात घालून माझ्यापुढे सरकवलं. दोघं काटे काढत बसलो.

“उद्या जाशील तल्यावर?” तिने विचारलं, माझ्याकडे न बघता.

“जाईन की.”

“ऑफिस?”

“ते घरातच आहे. ते कुठे जातंय.”

तिने ताटातला शेवटचा काटा बाजूला ठेवला, बोटं चाटली आणि जरा विचार केला.

“मग सुरमई गावली तं बघ,” आजी म्हणाली. “नि पोट साफ करून घे.”